लंडनमध्ये शहराचा इतिहास सांगणारं, तिकीट नसलेलं आणि आईवडिलांना कंटाळा येणार नाही असं संग्रहालय आहे का?

तुम्ही लिहिलंय की पाच दिवसांसाठी येताय, सोबत सत्तरीचे आईवडील आणि सात वर्षांचा मुलगा आहे. ब्रिटिश म्युझियम सगळेच सांगतात, पण तिथे जगभरातल्या वस्तू. खुद्द लंडन शहर कसं घडलं ते कुठे कळेल, आणि तेही खिशाला चाट न लावता, असा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर: लंडन म्युझियम डॉकलँड्स. प्रवेश फुकट आहे. मी पूर्व लंडनमध्ये बरीच वर्षं राहतोय आणि इथे किती वेळा गेलो याचा हिशोब नाही. त्यातल्या निम्म्या वेळा बाहेर पाऊस होता म्हणून गेलो, हेही कबूल करतो.

आधी एक घोळ टाळा. जुन्या गाइडबुकांत आणि बऱ्याच व्हिडिओंत ‘म्युझियम ऑफ लंडन’ म्हणून लंडन वॉलचा पत्ता असतो. ते संग्रहालय १९७६ साली उघडलं आणि डिसेंबर २०२२मध्ये बंद झालं. त्याचा नवा संसार स्मिथफील्डच्या जुन्या बाजारात मांडला जातोय. तो उघडला की नाही ते निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. माझा मावसभाऊ बायकापोरांसह थेट त्या बंद दाराशी जाऊन उभा राहिला होता. चूक माझीच, जुनी लिंक मीच पाठवली होती. अजून लग्नकार्यात भेटला की ऐकवतो. त्याच संग्रहालयाची ही डॉकलँड्सची शाखा २००३पासून आहे आणि चालू आहे. ‘म्युझियम ऑफ लंडन’चं ‘लंडन म्युझियम’ असं नाव झालं तेव्हा बोधचिन्हही बदललं: पांढरं कबूतर आणि त्याच्याखाली त्याने टाकलेली सोनेरी शिट! तुमच्या मुलाला ते दाखवलंत की अर्धं काम झालं.

जायचं कसं? ज्युबिली किंवा एलिझाबेथ लाइनने कॅनरी व्हॉर्फला उतरून चालत जाता येतं, पण मुलगा सोबत आहे तर बँक स्टेशनवरून डीएलआर, म्हणजे डॉकलँड्सची हलकी रेल्वे, पकडा. या गाडीला ड्रायव्हरची केबिन नसते. पुढच्या काचेशी जागा मिळाली की गाडी आपणच चालवतोय असं वाटतं, आणि त्या जागेसाठी पोरांपेक्षा त्यांचे बापच जास्त धक्काबुक्की करतात. वेस्ट इंडिया की हे सगळ्यात जवळचं स्टेशन. बँकहून येणाऱ्या काही गाड्या तिथे थांबत नाहीत. तसं झालं तर गोंधळून जाऊ नका, वेस्टफेरी किंवा कॅनरी व्हॉर्फ चालण्याच्या अंतरावरच आहेत.

आता मुख्य गोष्ट. हे संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती इमारतच त्यातली सगळ्यात मोठी वस्तू आहे. आत शिरायच्या आधी धक्क्यावर दोन मिनिटं उभे राहा. समोर पाणी, पाण्यापलीकडे बँकांचे काचेचे टॉवर, आणि तुमच्या पाठीशी काळपट विटांची, बारक्या गजांच्या खिडक्यांची लांबलचक इमारत. हे साखरेचं गोदाम. १८०२ साली वेस्ट इंडिया डॉक, म्हणजे गोदी, सुरू झाला तेव्हाचं. अशी नऊ गोदामं ओळीने उभी होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत बहुतेक गेली आणि पहिली दोन तेवढी राहिली. पहिल्यात संग्रहालय, दुसऱ्यात आता खाण्यापिण्याची दुकानं.

गोदाम एवढं भक्कम का, याचं उत्तर चोरी. त्याआधी कॅरिबियन बेटांवरून आलेली जहाजं टेम्सच्या पात्रातच नांगर टाकून आठवडेच्या आठवडे ताटकळत असायची, आणि माल छोट्या होड्यांतून काठावर यायचा. येताना तो आटायचा. या चोरांच्या इतक्या जाती होत्या की प्रत्येकीला वेगळं नाव. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून जहाजावरून हळूच टाकलेला माल उचलणारे ते ‘मडलार्क’, म्हणजे चिखलातले चंडोल. काम मागायला म्हणून धक्क्यावर यायचं, अंगात लांब एप्रन घालायचा आणि त्याखाली माल दडवून पसार व्हायचं, ते ‘स्कफल-हंटर’. व्यापारी इतके वैतागले की १७९८मध्ये नदीवर खास पोलीस दल आलं आणि १७९९मध्ये पार्लमेंटकडून कायदा करून घेऊन त्यांनी स्वतःचा डॉक बांधायला घेतला. भोवती वीस फूट उंच भिंत. बदल्यात एकवीस वर्षं मक्तेदारी: वेस्ट इंडीजची साखर, रम, कॉफी लंडनला येणार ती इथेच उतरणार. (त्या चिखलातल्या चंडोलांचं नाव आता तिथल्या लहान मुलांच्या खेळघराला दिलंय. इतिहास असाही सूड उगवतो.)

लिफ्टने सरळ तिसऱ्या मजल्यावर जा आणि जिन्याने एकेक मजला उतरत या. कालक्रम तसाच लावलाय, आणि आईवडिलांच्या गुडघ्यांनाही तेच बरं. जिनाही नको असेल तर लिफ्ट प्रत्येक मजल्यावर आहे.

वर पोचलात की फलकांकडे वळायच्या आधी छताकडे बघा. जाडजूड लाकडी तुळया, बुटकी छतं, आणि पायाखाली झिजलेल्या फळ्या. तेव्हा साखर पोत्यांत येत नसे, ‘हॉग्सहेड’ नावाच्या प्रचंड लाकडी पिंपांत येई. आणि ती आपली पांढरीशुभ्र दाणेदार साखर नव्हे. तपकिरी, ओलसर, गुळाच्या चुऱ्यासारखी. पिंपांतून काकवी गळत राहायची. तिला पांढरी करण्याचे कारखाने इथून जवळच, पूर्व लंडनमध्ये होते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात कधी उभे राहिला असाल तर गोदामात काय वास असेल याचा अंदाज तुम्हाला इंग्रजांपेक्षा लवकर येईल.

त्याच मजल्यावर ‘लंडन, साखर आणि गुलामगिरी’ हे दालन आहे. २००७ साली, गुलामांचा व्यापार ब्रिटिशांनी बंद केला त्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा उघडलेलं. इथे घाई करू नका. लंडनहून निघून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेणाऱ्या आणि ती कॅरिबियनमध्ये नेऊन विकणाऱ्या जहाजांची यादी भिंतीवर आहे. नावं, कप्तान, साल, किती माणसं. ओळीखाली ओळ. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चार ओळी वाचून पुढे सरकलो, कारण ती रेल्वेच्या वेळापत्रकासारखी दिसते. मग लक्षात आलं की तिचं कोरडेपणच भयंकर आहे. माणसं खरोखरच मालासारखी लिहिली होती आणि त्यांनी पिकवलेली साखर मी उभा होतो तिथे येऊन पडत होती.

एरवी साम्राज्याबद्दल बोलताना इकडची संग्रहालयं शब्द जपून वापरतात. हे दालन त्यामानाने सरळ बोलतं. संग्रहालयाच्या दारासमोरच रॉबर्ट मिलिगन याचा पुतळा होता. हा डॉक उभा करण्यात पुढाकार घेणारा व्यापारी. १८०९ साली वारला तेव्हा जमैकातल्या त्याच्या मळ्यांवर ५२६ गुलाम होते. जून २०२०मध्ये तो पुतळा क्रेनने उचलून नेला. पुतळे हलवावेत की नाहीत यावर आपल्याकडे जितके तट पडतात तितकेच इकडेही पडतात, त्यात मी शिरत नाही. पण ज्याने गोदाम बांधलं त्याचा पुतळा गेला आणि ज्यांच्या घामाने ते भरलं त्यांची गोष्ट आत भिंतीवर आली, हे मला तरी ठीक वाटलं.

अजून एक आकडा लक्षात ठेवा, आईवडिलांना सांगायला. १८३३च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपली तेव्हा सरकारने दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. गुलामांना नव्हे, मालकांना. त्यासाठी काढलेलं कर्ज पुरतं फिटलं ते २०१५ साली. म्हणजे इथे नोकरी करून कर भरणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनीही त्यात खारीचा वाटा उचलला!

आणि इथेच आपलाही धागा लागतो, जो फलकावर शोधण्यापेक्षा आपणच सोबत न्यावा. गुलाम सुटले, पण उसाचे मळे तसेच होते. त्यावर राबायला माणसं हवी होती, म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, न्यायला सुरुवात झाली. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरातून चढलेली मराठी माणसंही होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे, गणपती बसवतो. साखरेच्या या गोदामात मला त्यांची आठवण येते.

मुलगा एव्हाना कंटाळला असेल. त्याला घेऊन एक मजला खाली ‘सेलरटाउन’मध्ये जा. एकोणिसाव्या शतकातल्या वॉपिंगची, म्हणजे टेम्सकाठच्या खलाशी वस्तीची, गल्ली आत उभी केलीय: अंधार, दगडी फरशी, तिरपी घरं, दारूचा गुत्ता, खलाशांची खानावळ, जहाजांवरून आणलेले प्राणी विकणारं दुकान. माझी भाची तिथे आईचं बोट सोडायला तयार नव्हती आणि बाहेर आल्यावर पुन्हा चल म्हणून मागे लागली. तुमचा सात वर्षांचा वीर कदाचित तीन फेऱ्या मारेल. खाली त्याच्यासाठी ते खेळघरही आहे. वेळेचे ठरावीक गट असतात, म्हणून आधीच साइटवर बघून जागा धरून ठेवा.

सेलरटाउनमध्ये फिरताना एक शब्द डोक्यात असू द्या: लास्कर. ब्रिटिश जहाजांवरचे हिंदी खलाशी. शब्द आपल्या ‘लष्कर’चाच भाऊ. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत आणि सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या दालनात, वाढपी-स्वयंपाकी गोव्याचे. लंडनला बोट रिकामी झाली की परतीची बोट मिळेपर्यंत यातले कित्येक जण रस्त्यावर यायचे. थंडीत मरायचे. संग्रहालयातून बाहेर पडून लाइमहाउसच्या दिशेने गेलात तर वेस्ट इंडिया डॉक रोड लागतो. तिथे १८५७ साली अशा परदेशी खलाशांसाठी आसरा उघडला होता, त्याला पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांनीही पैसे दिले होते. ती इमारत आता नाही. तरी मी त्या रस्त्याने जाताना उगाच दाभोळ, बाणकोट अशी नावं मनात घेत जातो.

पुढे गोदी कामगारांची दालनं. इथे माझं मत निष्पक्ष नाही, कारण माझे वडील माथाडी. सातारा जिल्ह्यातून आलेले, मशीद बंदरला आयुष्य गेलं, शेवटची काही वर्षं वाशीच्या मार्केटात. ते इकडे आले तेव्हा तुमच्यासारखंच मीही ब्रिटिश म्युझियमला नेलं. दीड तास माझ्यामागून हात पाठीशी बांधून मुकाट फिरले आणि म्हणाले, “लई मोठं हाय.” बास. दुसऱ्या दिवशी इथे आणलं.

इथे एका काचेआड गोदी कामगारांचे हूक आहेत. लाकडी मूठ, त्यातून निघालेला लोखंडी आकडा, मूठ हाताच्या घामाने काळी आणि गुळगुळीत झालेली. बाबा थांबले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग उजव्या हाताची मूठ वळून मला दाखवलं: “कानाला लावायचा. पोटात न्हाई. पोटात मारला की माल सांडतो आन् पैसं कापत्यात.” पोत्याचा कान आणि पोत्याचं पोट. मी त्यांच्या घरात वाढलो, पण हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

मग मी त्यांना जवळचे फलक मराठीत सांगत गेलो. सकाळी गोदीच्या फाटकाशी शेकडो माणसं उभी राहायची, फोरमन येऊन बोट दाखवील त्याला काम, बाकीचे घरी. कधी दोन तासांचंच काम. १८८९च्या ऑगस्टमध्ये याच वेस्ट इंडिया डॉकमध्ये एका जहाजाच्या मजुरीवरून भांडण पेटलं आणि बघता बघता अख्खं लंडन बंदर बंद पडलं. मागणी काय तर तासाला पाचाऐवजी सहा पेनी. महिनाभर पोटाला चिमटा काढून लोक थांबले. ऑस्ट्रेलियातल्या कामगारांनी तीस हजार पौंड पाठवले, आणि सहा पेनी मिळाले. बाबा म्हणाले, “मंजी मुकादमच की ह्यो.” फोरमनला. त्यांचा मुंबईतला सुरुवातीचा काळ मुकादमाच्या मर्जीवर गेला. १९६९ साली माथाडी कायदा झाला, पुढे बोर्ड आलं, बोर्डात नाव लागलं, तेव्हा कुठे पगाराची वही हातात आली. इकडच्या गोदी कामगारांनाही रोजच्या हजेरीच्या बाजारातून पुरतं सुटायला १९६७ उजाडलं.

आणि सुटले तेव्हा गोदीच संपत आली होती. कंटेनर आला. ज्या जहाजाला रिकामं करायला टोळीच्या टोळी आठवडाभर खपायची ते क्रेनवाल्या चार माणसांनी एका दिवसात उरकायला लागलं. मोठी जहाजं नदीच्या मुखाकडे टिल्बरीला थांबू लागली आणि वेस्ट इंडिया डॉक १९८०मध्ये बंद झाला. मुंबईची गोदी ओस पडून न्हावाशेवा भरली, तीच गोष्ट, फक्त थोडी आधी. रिकाम्या धक्क्यांवर मग ते बँकांचे टॉवर आले. शेवटची दालनं याबद्दल आहेत. ती मला जरा घाईत आटोपल्यासारखी वाटतात. जागा कमी आणि सूर जरा जाहिरातीचा. भराभर बघितलीत तरी चालेल.

युद्धाचं दालन मात्र गाळू नका. ७ सप्टेंबर १९४०ला दुपारी जर्मन विमानं आली ती या गोद्यांवरच. साखर, रम, लाकूड, सगळं जळणारंच सामान. तिथे एकट्या माणसाने आत उभं राहून जीव वाचवायचा लोखंडी निवारा आहे, घंटेच्या आकाराचा. मुलं त्याच्याभोवती घुटमळतात. मोठी माणसं आत बघतात आणि गप्प होतात.

व्यवहाराचं थोडं. एकूण अडीच-तीन तास धरा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, खेळघरामुळे पोरांचा गोंगाट असतो. आत कॅफे आहे, पण चौघांचा चहा-केक घेतलात तर तिकीट काढल्यासारखंच होईल. उन्हं असतील तर डबा घेऊन बाहेर धक्क्यावर बसा. जुन्या क्रेन तशाच उभ्या आहेत, पाणी आहे, वारा असतो. आईंना शाल बरोबर असू द्या. मे महिन्यातसुद्धा तो वारा झोंबतो. दाराशी देणगीची पेटी आहे, सक्ती कुणी करत नाही. मी दर वेळी टाकत नाही, अधूनमधून टाकतो.

बाबांचं एक सांगायचं राहिलं. निघताना ते पुन्हा त्या काचेपाशी गेले आणि मला म्हणाले, “मला इंग्लिश येतं तीन शब्द.” मला वाटलं थँक्यू वगैरे असेल. तर म्हणाले, “यूज नो हुक्स.” परदेशी मालाच्या पोत्यांवर छापलेलं असायचं ते. मी विचारलं, मग तुम्ही काय करायचात?

“हूकच लावायचो. उचलणार कशानं?”